मूल कोणापाशी?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची ती गोष्ट ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. दिवस भरलेले, बोर्डावर नाचतानाच कळा सुरू झाल्या, बाई कनातीमागे गेल्या, मोकळ्या झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा घुंगरं वाजवत समोर आल्या. पोट दिसेना तेव्हा पब्लिकच्या ध्यानात आलं आणि लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, असं सांगतात. आठ मार्चच्या भाषणांत ही गोष्ट हटकून येते. सांगणाऱ्याचा आवाज 'दगडानं'पाशी चढतो आणि टाळीही तिथेच पडते.

मला त्या टाळीचा राग येतो. दिवस भरलेली बाई बोर्डावर होतीच कशाला, हे कुणी विचारत नाही. उत्तर अवघड नाही. फडाचं वर्ष जत्रांवर चालतं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी देऊन जातात, आणि त्या सुपारीवर ढोलकीवाल्यापासून कनात ठोकणाऱ्यापर्यंत सगळ्यांची चूल पेटते. सुपारी विठाच्या नावाची. ती नाचली नाही तर पैसे परत, वर गावाचा राग. याला निष्ठा म्हणायचं तर म्हणा. मी बिनरजेचं बाळंतपण म्हणेन.

दुसरं असं, की त्या परत उभ्या राहिल्या तेव्हा ते ओलं मूल कोणी घेतलं? गोष्टीत दगड आहे, नाळ आहे, पब्लिक आहे. मूल घेणारी नाही. असणारच कुणीतरी. फडातली एखादी म्हातारी, नाहीतर कोवळी पोर, किंवा भाकऱ्या थापणारी बाई. तिनं मूल फडक्यात गुंडाळलं म्हणून विठाबाईंची दंतकथा झाली.

*

तारीख १२ मार्च १९११. मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलू म्हणणाऱ्यांना त्यांनी नाही म्हटलं आणि भामिनी होऊन ते रंगमंचावर आले. ही गोष्टसुद्धा आपण डोळे पुसत सांगतो. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. विठाबाईंना मूल जन्माला घालून यावं लागलं. बालगंधर्वांना मूल गमावून येता आलं, कारण त्या मुलाची आई घरी होती. तिकडे प्रेक्षागृह भामिनीच्या शालूवर जीव टाकत होतं आणि इकडे लक्ष्मीबाई. त्या रात्रीचं लक्ष्मीबाईंचं कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

*

एका ज्येष्ठ चित्रकारांकडे गेले होते. माणूस मोठा, बोलणं गोड. मी विचारलं, "मुलं लहान होती तेव्हा तुम्ही काम कुठे करायचात?" ते विचारात पडले. "कुठे म्हणजे... घरीच की. त्रास नव्हता कधी. मुलं शांत होती आमची." आतून वहिनींचा आवाज आला: "शांत कुठली! मी दोघांना घेऊन गच्चीवर बसायचे. उन्हाळ्यात जिन्यात."

सर हसले. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि जिन्यात कुठल्या पायरीवर वारा लागायचा तेही सांगितलं. खालून चौथ्या.

*

माझं सांगायचं तर मी ऑइलमधली. कॉलेजात सगळं कॅनव्हासवर, मोठंमोठं. लेक रांगायला लागल्यावर टर्पेंटाइनची बाटली घरात ठेवणं शक्यच नव्हतं. मग जलरंग. जलरंगाचा स्वभाव असा, की वॉश टाकला की तो तुम्हाला सोडत नाही. कागद ओला आहे तोवर तुम्ही त्याचे गुलाम. मधेच "आई, शू" झालं, परत आले की कड पडलेली. वाळलेल्या रंगाची ती कड काही केल्या जात नाही. एचिंगचं तर नावच नको, रांगतं मूल आणि ॲसिड एका छपराखाली ठेवायची माझी छाती नाही.

शेवटी लिनोकट धरला. लिनो हे मूलवालीचं माध्यम आहे, हे कुठल्याही कलाशाळेत शिकवत नाहीत. खोदता खोदता कुठेही थांबा, तो वाट बघतो. रात्री सोडलेली रेघ सकाळी तिथेच असते. थंडीत लिनो कडक होतो, मग खिडकीत उन्हाला ठेवायचा, मऊ पडतो. एक हात कायम पात्याच्या मागे. पुढे ठेवलात की हात गेलाच. प्रेस परवडत नाही आणि ठेवायला जागा नाही, तेव्हा काचेवर शाई रोलरनं लाटायची, ठोकळ्यावर फिरवायची, वर हातकागद ठेवायचा आणि वरणाच्या डावाच्या पाठीनं घासायचं. मधून सुरुवात करून कडांकडे. कोपरा उचलून बघायचा, फिकट असेल तर पुन्हा घासायचं. या कामाला स्टीलचा डाव चांगला, पितळेचा कागदाला चावतो.

आता कौतुक करणारे म्हणतात, तुमच्या कामात छोट्या आकाराची एक काव्यात्मकता आहे. काव्य कसलं? आमच्या ओट्याची रुंदी दोन फूट आहे.

*

गाणाऱ्या मैत्रिणीचं वेगळंच. तिचं सिझेरियन झालं. घरच्यांनी टाके बघितले, वजन बघितलं, दूध बघितलं. दम कुणी बघितला नाही. पोट कापून शिवल्यावर खालचा षड्ज लांबवायचा कशाच्या जोरावर? ती म्हणाली, सूर लागत होता, पण टिकत नव्हता, आणि हे सांगायचं कुणाला? डॉक्टर म्हणाले, "छान आहे की तुमचा आवाज." घरी तर सव्वा महिना गाणंच बंद, वारं भरेल म्हणून. खेळाडू बाई मैदानावर परत कशी येते याचे आता लेख येतात. गवई बाई स्वरावर परत कशी येते हे ज्या त्या बाईनं आपापलं शोधायचं. माझ्या मैत्रिणीनं पाळण्याची दोरी ओढत ओंकार सुरू केला. हे ऐकायला फार गोड वाटतं. ती म्हणते, गोड काही नव्हतं, दोन्ही हात भरलेले होते एवढंच.

*

मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई.

मोगूबाईंचं कुर्डी हे गाव आज साळावली धरणाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचे अवशेष आणि घरांचे चौथरे वर येतात, जुने गावकरी जमतात. या गावची ही मुलगी आधी नाटक कंपन्यांत होती, मग अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या झाली. नवरा लवकर गेला. पदरात तीन मुलं, पोट गाण्यावर.

त्यांनी मूल कोणापाशी ठेवलं? ठेवलंच नाही. बरोबर घेतलं. थोरलीच्या, किशोरीच्या, हातात तानपुरा दिला आणि मैफलीत मागे बसवलं. घराण्याच्या गाण्यात ही एक सोय आहे: मुलीची शिकवणी, आईचा रियाज आणि मुलीवर नजर ठेवणं ही तिन्ही कामं एकाच बैठकीत उरकतात. मोगूबाई ओळ दोनदा म्हणायच्या, तिसऱ्यांदा नाही, असं किशोरीताई सांगत. लोक ती शिस्त म्हणून सांगतात. असेलही. पण मला त्यात दमलेली बाईही दिसते. पुढची शिकवणी आहे, संध्याकाळचा स्वयंपाक आहे, एक ओळ किती वेळा म्हणणार?

मागे तानपुरा घेऊन बसलेल्या मुलीला नुसतं गाणं दिसत नाही. आईला कुठे उतरवलं, काय पाहुणचार केला, बिदागी कशी हातावर टेकवली, तेही दिसतं. किशोरीताई या अपमानांबद्दल पुढे उघड बोलल्या. त्या स्वतः मोठ्या झाल्यावर आयोजकांनी त्यांच्या तापटपणाच्या कहाण्या चवीनं सांगितल्या: खोली बदलून मागितली, कुणी उठलं तर गाणं थांबवलं. मला वाटतं, त्या आईची थकबाकी वसूल करत होत्या. व्याजासकट.

*

चित्रकलेत असं घराणं नाही. लेकीला ब्रश देऊन मागे बसवलं तर ती माझ्या चित्रावर गाय काढते.

*

घराणं सासरीही सापडू शकतं. गायिका शोभा गुर्टूंचे सासरे पोलीस खात्यातले बडे अधिकारी, आणि सतार वाजवणारे. आई मेनकाबाई शिरोडकर गाणाऱ्या, त्यामुळे माहेरचं तर होतंच. त्यांचा एक मुलगा त्रिलोक पुढे जगभर ताल घेऊन हिंडला. स्थळं बघताना पत्रिका बघतात, पगार बघतात, हल्ली फ्लॅटचा कार्पेट एरियाही बघतात. सासऱ्याच्या खोलीत सतार आहे का, हे कुणी विचारत नाही.

*

दुर्गा खोटे आणि विजया मेहता यांची आत्मचरित्रं दुकानात वेगवेगळ्या कपाटांत असतात, एक सिनेमाच्या, दुसरं नाटकाच्या. ती शेजारी शेजारी ठेवायला हवीत, कारण या दोघी सासू-सून होत्या. दुर्गाबाई तरुणपणी विधवा झाल्या, पदरी दोन मुलगे. त्यांतला एक हरीन. विजयाबाईंचं पहिलं लग्न या हरीनशी. तोही तरुणपणीच गेला, आणि विजयाबाईंच्या पदरीही दोन मुलगे. सासूनं १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती केली, तेव्हा चांगल्या घरच्या बाईनं तोंडाला रंग लावणं म्हणजे खानदानाला काळं फासणं होतं. सुनेनं १९६० साली सोबत्यांबरोबर 'रंगायन' उभं केलं, तेव्हा ती लाज बरीच ओसरली होती. मूल झोपवण्याचा प्रश्न मात्र ओसरला नव्हता.

दुर्गाबाई लाडांच्या घरातल्या, कॅथीड्रल हायस्कुलात आणि झेवियर्समध्ये शिकलेल्या. विठाबाईंच्या मागे कनात. पैशानं दुःख कमी होत नाही हे खरं, पण पैशानं आया ठेवता येते. कलावंत बायकांबद्दल बोलताना आपण प्रतिभेचं बोलतो, समाजाचं बोलतो, नवऱ्याचं तर तपशिलात बोलतो. आयेच्या पगाराचं बोलणं खालच्या दर्जाचं वाटतं.

*

हंसा वाडकरांची तऱ्हा उलटी. इतर बायका घरातून कामाकडे जायला धडपडतात, या बाईला कामातून घराकडे जायचं होतं. कळत्या वयाच्या आधीच सिनेमात, कारण घर तिच्यावर चालायचं. लग्न केलं ते संसार मिळेल म्हणून, तर नवरा काम थांबवू देईना. हे सगळं तिनं अरुण साधूंना सांगितलं, 'माणूस' साप्ताहिकात ते क्रमानं आलं आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' या नावानं पुस्तक झालं. मराठीत इतकं मोकळं पुस्तक दुसरं दाखवा.

कलावंत बाईच्या आड संसार येतो, हे आपलं ठरलेलं वाक्य. हंसाबाईंच्या संसाराच्या आड तिची कमाई आली. काम करू द्या म्हणणाऱ्या बाईच्या बाजूनं आज चारजण तरी उभे राहतात. मला थांबू द्या म्हणणारीच्या बाजूनं कोण?

*

त्याच पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला, आणि त्यासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण स्मिताचा 'उंबरठा' मला जास्त छळतो. सुलभा स्त्रियांच्या सुधारगृहावर नोकरीला परगावी जाते. नवरा, सासू, सामाजिक कार्य वगैरे सगळं ठीक. माझी नजर दरवेळी त्या जावेवर जाते. तिला मूल नाही, ती सुलभाची लेक सांभाळते. सुलभा परत येते तेव्हा लेक जावेची झालेली असते. शांता निसळांच्या कादंबरीवरून तेंडुलकरांनी हे लिहिलं आणि जावेला त्यांनी दुष्ट केलं नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. जी धरते, तिच्याकडे मूल जातं. साधा हिशेब आहे, आणि आईला तो कुणी आधी सांगत नाही.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली. बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं. वय एकतीस. यावर लिहायला मला काही सुचत नाही.

*

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती: वय १८ ते २५. कनिष्ठ फेलोशिप: २५ ते ४०. चाळिशीनंतर वरिष्ठ. संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्लाखाँ युवा पुरस्कार चाळिशीच्या आतल्यांना. नियम सगळ्यांना सारखे. फक्त २५ ते ४० ही बाईची कुठली वर्षं असतात, ते नियम लिहिणाऱ्याच्या बायकोला विचारायला हवं होतं. आणि चाळिशीनंतर वरिष्ठ म्हणून अर्ज करायचा, तर मधल्या वर्षांतलं काम दाखवा म्हणतात.

२०१७ साली कायदा बदलला. पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे पगारी रजा; पन्नास किंवा जास्त माणसं कामावर असतील तिथे पाळणाघर. चांगला कायदा आहे. तो नोकरीतल्या बाईसाठी आहे. मैफलीला बोलावलेली बाई कुणाच्या नोकरीत नसते. प्रदर्शन लावणारी तर उलट गॅलरीला भाडं देते.

मालिकांमध्ये यावर नामी उपाय आहे. नायिकेला दिवस गेले की तिचं पात्र लंडनला जातं. परत येतं तेव्हा कधी कधी चेहरासुद्धा बदललेला असतो.

*

वारल्यांचा लग्नाचा चौक. तांदळाच्या पिठीनं, गेरूसारवल्या भिंतीवर, मधोमध पालघट देवी. हा चौक लिहायचा अधिकार सुवासिनींचा. धवलेरी गाणी म्हणते, सुवासिनी चौक लिहितात, त्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे इथे लग्न झाल्यामुळे चित्र बंद पडत नाही, लग्न झालं की चित्र काढायला मिळतं. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस खुशीत होते.

मग पुढचं वाचलं. सुवासिनी म्हणजे नवरा जिवंत असलेली. तो गेला की हातातली पिठीही गेली.

आणि त्याच्याही पुढचं. १९७०च्या दशकात सरकारी माणसं पाड्यांवर कागद घेऊन आली आणि वारली चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. कागदावरचं मोठं नाव झालं जिव्या सोमा मशे यांचं. मशे मोठेच कलावंत, पद्मश्री मिळाली ती कमीच. लग्नाच्या विधीतून चित्राला बाहेर काढून त्यांनी त्यात पाऊस आणला, मासे पकडायची जाळी आणली, अख्खं जंगल आणलं. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. पण भिंत होती तोवर चित्र बायकांचं होतं. कागद झाला, कागदाचा बाजार झाला, बाजारासाठी दिल्ली आणि परदेश झालं, आणि जाणारे बहुतेक पुरुष निघाले. भिंत घरी असते. भिंतीवर चित्र काढता काढता मूल बघता येतं. दिल्लीला जाताना मूल कोणापाशी?

*

जात्यावरच्या ओव्यांचं तेच. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकरांनी गावोगाव फिरून जमवायला सुरुवात केली, आज तो साठा एक लाखाच्या वर गेला आहे. एक पाय लांब, त्या पायावर किंवा मांडीवर मूल, हातात खुंटा. कलेच्या इतिहासात असा स्टुडिओ मी दुसरा पाहिला नाही. पिठाची गिरणी आली, बायकांचे खांदे सुटले. फार चांगलं झालं. ओव्या गेल्या. जातं परत आणा म्हणणाऱ्यांनी आधी पायली दळून दाखवावी.

बहिणाबाई चौधरींच्या ओव्या टिकल्या, कारण ऐकणारं कुणीतरी घरातच लिहून घेत होतं. त्यात मुलगा सोपानदेव होता. त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. मूल झालं म्हणून काम थांबलं, अशी यादी करायला बसलात, तर मूल होतं म्हणून काम उरलं, याही रकान्यात एक नाव लिहावं लागेल.

*

दुसऱ्या बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या, देवगावच्या. नवरा वयानं खूप मोठा, वेदपाठी ब्राह्मण. ही कीर्तनं ऐकते, हिला तुकाराम स्वप्नात येतात, लोक हिला बघायला गर्दी करतात. नवऱ्यानं बांधून मारलं. गरोदर असताना तिला टाकून जायचं ठरवलं, मग आजारी पडला आणि वळला. हे सगळं तिनं स्वतः अभंगांत लिहून ठेवलं आहे. मराठी बाईनं लिहिलेली इतकी जुनी दुसरी आत्मकथा मला माहीत नाही, आणि तिचा विषय काय? बायको नावारूपाला आली की नवऱ्याचं काय होतं. पुढे साडेतीनशे वर्षं आपण त्याच विषयावर नाटकं लिहीत आलो.

*

सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' वाचताना बायका "अगदी, अगदी" म्हणतात, आणि पुरुष त्यांच्या नवऱ्याची, पुलंची बाजू घेतात. मी तिसरीच नोंद करते. करार, हिशेब, पत्रव्यवहार, येणाजाणाऱ्यांना थोपवणं, प्रयोगाच्या पैन् पैची व्यवस्था, हे सगळं बघणारं एक बुद्धिमान माणूस पुलंना घरातच मिळालं होतं. मराठीतल्या कुठल्या लेखिकेला, कुठल्या गायिकेला असा नवरा मिळाला? पाठिंबा देणारे मिळाले, त्यांचे आभारही मानले गेले. मी पाठिंब्याचं म्हणत नाही. दारातल्या माणसाला "त्या लिहितायत, उद्या या" असं सांगून परत पाठवणाऱ्या नवऱ्याचं म्हणते.

*

आईच्या बाजूनं पुष्कळ लिहिलं गेलं. मुलाच्या बाजूचं हवं असेल तर प्रकाश नारायण संतांचा लंपन वाचावा. 'वनवास' हे नावच बघा. हा मुलगा आईवडिलांपासून दूर, आज्जी-आजोबांकडे राहतो. गाव छान, आज्जी तर अशी, की मलाच हवीशी वाटते. सुमी शेजारी. आणि तरीही मधेच त्याच्या पोटात काहीतरी होतं, घराची आठवण येते, त्याला ते नीट सांगता येत नाही.

संत हे ना. मा. संत आणि इंदिरा संत यांचे चिरंजीव. आजोळी दत्तक गेलेले. ना. मा. १९४६ साली गेले. इंदिराबाईंनी बेळगावात शिक्षकी करत घर चालवलं आणि मराठीतली अतिशय एकाकी कविता लिहिली. घराण्यांचं दत्तक-प्रकरण वेगळं असतं, त्याचा कवितेशी संबंध लावायचा आचरटपणा मी करणार नाही. पण एकाच घरातून दोन पुस्तकं आली, एक आईच्या एकटेपणाचं, एक मुलाच्या, आणि मधे आज्जी. ही आज्जी मात्र कथेत आली. नुसती आली नाही, तिनं कथा खाऊन टाकली. मूल घेणाऱ्या बाईला मराठी साहित्यात इतकी मोठी जागा दुसऱ्या कुणी दिलेली नाही, आणि ती देणारा ज्याला घेतलं तो मुलगाच.

*

नवऱ्याबद्दलही लिहायला पाहिजे, नाहीतर तो विचारेल. चांगला आहे. लेकीला आंघोळ घालतो, वेणी घालतो, वेणी माझ्यापेक्षा बरी घालतो. शेजारणी त्याचं कौतुक करतात ते ऐकून मला हसू येतं, त्याला लाज वाटते. भांडण एकाच गोष्टीवरून होतं. तो लेकीला सांभाळतो तेव्हा मधून मधून येऊन विचारतो, "तिचा निळा फ्रॉक कुठाय?" हात रिकामे मिळतात, डोकं नाही. डोक्यात फ्रॉक, लसीची तारीख, गॅसचा नंबर, डब्यातली भाजी. लिनोवर रेघ आखताना हे सगळं मागे चालू असतं. एकदा त्याला हे सांगितलं तर म्हणाला, यादी करून दे. यादी करायचं कामही माझ्याकडेच आलं.

*

डिसेंबरात प्रदर्शन आहे. सध्या फोल्डरच्या मजकुराचं चाललंय. छापकामाबद्दल आभार, फ्रेमवाल्याचे आभार, गुरुजनांचे आभार. मला पहिल्या ओळीत पाळणाघराच्या काकूंचं नाव हवंय. गॅलरीच्या माणसाला ते जरा घरगुती वाटलं. मी म्हटलं, कागदही घरगुतीच आहे, डावानं छापलाय.

मजकूर घेऊन काकूंकडे गेले. त्या डाळिंब सोलत होत्या. दोन पोरं झोपलेली, एक पेंगत होतं, माझी लेक भिंतीवर खडूनं काहीतरी काढत होती आणि काकू तिला काढू देत होत्या. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. आडनावात 'ळ' आहे, 'ल' नाही, ते दुरुस्त करून घेतलं. उद्घाटनाची वेळ बघितली. मग म्हणाल्या, नाव छापताय ते बरंच आहे, पण साडेसहानंतर मी मुलं ठेवत नाही, तुम्हाला माहितीये. आणि नवीन वर्षापासून फी वाढणार आहे, ते तेवढं आत्ताच लिहून घ्या, नंतर सांगितलं नाही म्हणाल.